पुस्तकांच्या कपाटातलं मोहोळ

आधी माफी मागतो. या अंकात दर दिवाळीला ज्यांचे अनुभव छापून येतात, ती माणसं उभा जन्म रेल्वेत, कोर्टात नाहीतर शाळेत घालवून निवृत्त झालेली असतात. मी अजून धारवाडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. निवृत्त व्हायचं तर आधी नोकरी लागायला हवी. संपादककाकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "तुला माशा चावल्यात ना? मग तोच अनुभव की."

आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. अप्पा सुतार आहेत. जुन्या हुबळीत गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. ते लाकडावर पेन्सिलीने खुणा करतात, तेवढंच आमच्या घराण्याचं आजवरचं लेखन. त्यामुळे हे वाचताना कुठे वाकडं वाटलं, तर रंधा मारायचा राहून गेला असं समजावं.

माझं काम म्हणजे मी मोहोळं हलवतो. कॉलेज सांभाळून करतो. धारवाडला मधमाशा पाळण्याचा एक छोटा वर्ग झाला होता. मित्र जात होता म्हणून मीही गेलो. मित्र दुसऱ्या दिवशी चेहरा सुजवून घरी बसला आणि मी मात्र अडकलो, तो अजून सुटलेलो नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. उंच टाकीखाली किंवा मोठ्या झाडावर जे काळंभोर लोंबतं, ते आग्या मोहोळ. त्याला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. मी हलवतो त्या सातेरी माशा. या लहान, शहाण्या असतात आणि अंधाऱ्या बंद जागेत पोळी बांधून राहतात. झाडाची ढोली ही त्यांची खरी जागा. शहरात ढोल्या कुठून आणणार? म्हणून त्या मीटरच्या पेटीत, भिंतीच्या पोकळीत, बंद पडलेल्या कूलरमध्ये संसार थाटतात. मग घरमालक मला फोन करतात.

मी गेलो की थोडा धूर देतो. धूर आला की माशांना वाटतं आग लागली, आणि त्या घाईघाईने पोटात मध भरून घेतात, घर सोडावं लागलं तर वाटेत असावा म्हणून. भरल्या पोटी डंख मारायला वाकता येत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठलेली आपली माणसं आठवा, म्हणजे समजेल. मग पोळी सुरीने हळूच कापायची, केळीच्या सोपाने, म्हणजे सालीच्या दोरीने, लाकडी चौकटींना बांधायची आणि चौकटी पेटीत लावायच्या. मुख्य म्हणजे राणीमाशी पेटीत गेली पाहिजे. ती गेली की बाकीच्या आपण होऊन येतात. ती मागे राहिली तर केलेलं सगळं पाण्यात.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची भेटतात. गोकुळ रोडवरच्या एका लेथच्या कारखान्यात मी सगळं साहित्य घेऊन पोचलो, तर मालक म्हणाले, "राहुकाळ चालू आहे, तम्मा. संपू दे." आम्ही चहा घेत बसलो. राहुकाळ संपायच्या आतच मोहोळ आपण होऊन उठलं आणि शेजारच्या कारखान्यात गेलं. मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्याचं चांगलं होईल बघ आता. त्याला राहुकाळ बाधत नाही." त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका ठिकाणी मला पोचायला उशीर झाला आणि वॉचमनने टेंभा पेटवून काम उरकलं होतं. खाली पडलेल्या माशांत काहींचे पंख अजून हलत होते. तिथून मी रिकामी पेटी घेऊन बसने घरी आलो. असंही होतं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या सरांनी सेमिनारला मला विषय दिला: साहित्य, विज्ञान आणि निसर्ग माणसाच्या जगण्याबद्दल काय सांगतात. मला काही सुचेना. घरी अप्पांना विचारलं.

अप्पा म्हणाले, "माणसाबद्दल शिकायला कॉलेज कशाला लागतं? दुकानाच्या पायरीवर बस. संध्याकाळपर्यंत सगळे नमुने येऊन जातात."

मी विषय बाजूला ठेवला. नेमका तेव्हा केशवापूरहून इनामदार बाईंचा फोन आला.

बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, पण वाचायच्या सगळंच. त्यांच्या बैठकीत भिंतभर काचेचं कपाट होतं. एका दाराची काच कोपऱ्यात फुटली होती, आणि मधल्या खणात सातेरी माशांनी घर केलं होतं. एका बाजूला जाड शब्दकोश, दुसऱ्या बाजूला वनस्पतींवरचे ग्रंथ, आणि मधल्या मोकळ्या जागेत ओळीने पोळी.

"इथे एवढी जागा रिकामी कशी राहिली, बाई?" मी विचारलं.

"कादंबऱ्या होत्या. लोकांनी वाचायला नेल्या," बाई म्हणाल्या. "हुबळीत पुस्तक परत करायची पद्धत नाही. माशांचं भलं झालं."

बाईंना माशा काढून टाकायच्या नव्हत्या, त्यांना सोबत न्यायच्या होत्या. त्यांची मुलगी मेधाताई बँकेत आहे. तिची बदली पुण्याहून हुबळीला झाली होती आणि ती नवरा आणि मुलीसह या घरात राहायला येणार होती. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारपणी आईला सोबत झाली. बाईंनी मात्र जाहीर केलं की घर मेधाने घ्यावं, आपण धारवाडला एक खोली बघितली आहे. धारवाडला त्या शिकल्या होत्या. तिथले झाडांचे रस्ते, तिथलं वाचनालय आणि स्वतःच्या मर्जीची दुपार एवढं त्यांना पुन्हा एकदा हवं होतं.

मेधाताई त्या दिवशी तिथेच होती. पुढचं बोलणं माझ्यासमोरच झालं, कारण मी कपाटात डोकं घालून होतो आणि मला बाहेर पडता येत नव्हतं.

"लोक काय म्हणतील, आई? लेक आली आणि आईला बाहेर काढलं."

"म्हणू देत. तुझ्यावर बोलून कंटाळले की माझ्यावर बोलतील."

"तुला आमची अडचण होते का?"

"अगं, अडचण कसली? महेश, तू सांग तिला. मोहोळात नवी राणी तयार व्हायला आली की घर कोण सोडतं?"

मी कपाटातूनच म्हणालो, "जुनी राणी. आई."

हे खरं आहे. मला ते वर्गात शिकवलं होतं, पण तोवर मी त्याकडे तसं बघितलंच नव्हतं. पोळ्यात लेक जन्माला यायच्या बेताला आली की आई निम्म्या माशा घेऊन बाहेर पडते. बांधलेलं घर, भरलेला मध, वाढणारी पिल्लं सगळं लेकीला ठेवते, आणि या वयात नव्या घराच्या शोधात उघड्यावर येते. निघायच्या आधी कामकरी माशा तिला खायला कमी घालतात, म्हणजे ती हलकी होते आणि तिला उडता येतं.

"आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांपासून सगळं साहित्य लेकीच्या पाठवणीवर रडलंय," बाई म्हणाल्या. "माशांमध्ये पाठवणी आईची होते. आणि कुणी रडत नाही, नाचतात. मलाही थोडं हलकं होऊ दे की."

मला एकदम गुदगुल्या झाल्यासारखं झालं. सेमिनार समोर कपाटात बसून गुणगुणत होता. त्याच क्षणी एक माशी माझ्या नाकाला चावली, पण मी हसतच होतो. मेधाताईला वाटलं मी तिच्यावर हसतोय.

शेवटी बाईंनीच तोडगा काढला. "असं करू. या माशा धारवाडच्या घरी युगादीच्या पाडव्यापर्यंत टिकल्या, तर मीही तिथे टिकले. पळाल्या, तर तू गाडी घेऊन ये, मी गुमान परत येते."

मेधाताई मान्य म्हणाली. मग चहा करायच्या निमित्ताने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "महेश, खरं सांग. सातेरी माशा पळतात ना?"

"पळतात, ताई. त्यांचं तसंच असतं. मनाला आलं की निघाल्या."

तिने माझ्या चहात साखर जरा जास्तच घातली.

काम करताना राणी सापडेना. पोळी पेटीत गेली, ओंजळीने माशा उचलून घातल्या, तरी पेटीतला आवाज सैरभैर होता. बाई न आलेल्या वर्गासारखा. आम्ही एकेक पुस्तक उतरवलं. बाई प्रत्येक पुस्तक उघडून बघायच्या आणि दोन ओळी वाचत बसायच्या. मेधाताई म्हणाली, "आई, राणी शोधतेयस की अभ्यास करतेयस?" अखेर जाड शब्दकोशाच्या पाठीच्या पोकळीतून राणी निघाली, लांबट, तांबूस-काळी, अगदी शांत. ती पेटीत गेली आणि दाराशी माशांनी शेपट्या वर करून पंख हलवायला सुरुवात केली. त्याचा अर्थ, या, घर इथे आहे. उरलेल्या माशा रांगेने आत चालत गेल्या. मेधाताई चहाचा कप हातात तसाच धरून बघत होती.

अप्पांनी दोन पेट्या बनवल्या होत्या, एक माशांची आणि त्याच मापाची दुसरी पुस्तकांची. बाईंनी ठरवलं होतं की दुसऱ्या पेटीत मावतील तेवढीच पुस्तकं न्यायची. अप्पा मला म्हणाले, "एकीवर खूण कर रे. नाहीतर बाई वाचायला म्हणून उघडतील आणि घोटाळा होईल."

धारवाडची घरमालकीण शांतक्का. तिची बोली कन्नड. बाईंना ती अक्कोर म्हणते, म्हणजे शाळेच्या बाई. पेटी मागच्या अंगणात चिकूच्या झाडाजवळ ठेवली. मी अधूनमधून जाऊन बघायचो. माशा छान रुळल्या होत्या, पायावर पिवळा पराग घेऊन यायच्या. बाईही रुळल्या होत्या. सकाळी फिरायला जायच्या, दुपारी वाचायच्या आणि मला सेमिनारसाठी दोन पुस्तकं देऊन, परत कधी करणार ते आधीच विचारायच्या. मेधाताई रविवारी यायची, आधी पेटी बघायची आणि मग आई.

पण पुढे पुढे माशा अस्वस्थ दिसायला लागल्या. मध होता, पिल्लं होती, मुंग्या नव्हत्या. मला कारण कळेना. मी पेटी सावलीत सरकवली, पाणी ठेवलं, पुस्तकं चाळली. शांतक्काला विचारावं असं काही मला सुचलं नाही.

युगादी तोंडावर आली होती, शुक्रवार होता, आणि माझा सेमिनार होता. मी जुन्या राणीपर्यंत येऊन पोचलो होतो, तोच खिशातला फोन थरथरू लागला. बाईंचा फोन. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "घे. माणसाच्या जगण्याबद्दलच असेल."

"महेश, माशा गेल्या," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. "मी मेधाला कळवलंय. शब्द म्हणजे शब्द. ती गाडी घेऊन निघालीय."

मी सेमिनार अर्ध्यावर टाकून सायकलवर सुटलो. पोचलो तर पेटी रिकामी, पेटीसमोर रांगोळी, पेटीला हळदकुंकू, आणि दारापाशी ऊद घातलेलं धुपाटणं अजून धुमसत होतं.

शांतक्का रडवेली झाली होती. ती कन्नडमध्ये म्हणाली, "लक्ष्मी चालत घरी आली, तिची पूजा नको का करायला? दर मंगळवारी, शुक्रवारी करते. आज सण जवळ आला म्हणून जरा जास्त ऊद घातला."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे आठवड्यातून दोनदा त्या माशांना वाटत होतं की घराला आग लागली. त्या पोटभर मध भरायच्या, घाबरायच्या, पुन्हा बसायच्या. आज धूर दारातूनच आत गेला आणि त्यांनी पिल्लंसुद्धा मागे टाकून घर सोडलं. बाईंना पूजा माहीत होती, पण त्यांनी मला सांगितलं नाही, कारण पूजा ही काही सांगायची बातमी नसते. आणि माशांना धूर का देतात, हे मी बाईंना सांगितलं नाही, कारण मला वाटलं जीवशास्त्राच्या बाईंना ते माहीत असणारच. त्यांना ते माहीत होतंही. पण उदाचा वास आला की माणसाच्या मनात देव येतो, जीवशास्त्र येत नाही. हे बाईंचं वाक्य आहे, मी फक्त लिहून ठेवतोय.

वर बघितलं तर चिकूच्या फांदीवर सगळ्या माशा एकमेकींना धरून दाढीसारख्या लोंबत होत्या. त्या गेल्या नव्हत्या. त्या ठरवत होत्या.

हेही सांगायला हवं. घर सुटलं की माशा थोडा वेळ अशा लोंबतात. काही जाणत्या माशा चहूकडे जाऊन जागा बघतात आणि परत येऊन बाकीच्यांच्या अंगावरच नाचतात. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. दुसऱ्या माशा तो नाच बघून स्वतः जाऊन जागा तपासतात आणि मगच त्यात सामील होतात. ऐकीव माहितीवर कुणी नाचत नाही. इथे अध्यक्ष नसतो, सूचक-अनुमोदक नसतात, आणि तरीही सभा संपते.

तेवढ्यात मेधाताईची गाडी आली. ती बँकेतून तशीच निघाली होती, गळ्यात ओळखपत्र होतं.

"कुठे गेल्या?" तिने विचारलं.

मी वर बोट दाखवलं. "ताई, त्यांचं ठरायच्या आत त्यांना पेटीत घ्यायला हवं. कुणीतरी खाली पेटी धरा. मी फांदी झटकतो."

शांतक्का धुपाटणं विझवायला धावली होती. बाईंना गुडघ्यांमुळे स्टुलावर चढता येत नव्हतं. मेधाताईने पर्स गाडीच्या टपावर ठेवली, ओढणी डोक्याला गुंडाळली आणि स्टुलावर चढली. या माशा जाव्यात म्हणून जी इतके दिवस वाट बघत होती, तिच्याच हातात मी पेटी दिली.

"चावतील का रे?"

"सहसा नाही. आत्ता यांच्याकडे राखायला घर नाही. घर नसलं की या फार शांत असतात."

"बघ," खालून बाई म्हणाल्या. "मी किती शांत आहे बघ आज."

मेधाताईला हसू फुटलं. पेटी हलायला लागली. मी म्हणालो, "ताई, हसू नका," आणि मग मलाही हसू आवरेना. अशा हसण्यातच मी फांदीला एक झटका दिला. दाढी सबंध तुटून पेटीत पडली आणि तिच्या हातांना ते ऊबदार वजन लागलं. ती हसायची थांबली.

"महेश, हे जड आहे रे," ती हळू म्हणाली. "जिवंत जड."

आम्ही पेटी जमिनीवर ठेवली आणि वाट बघत बसलो. राणी आत पडली होती की फांदीवरच राहिली होती, ते कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळाने दाराशी एका माशीने शेपटी वर करून पंख हलवले. मग दुसरीने. मग ओळच लागली.

बाई उठल्या. "चला. मी बॅग भरते."

"कशाला?" मेधाताई म्हणाली.

"माशा पळाल्या. ठरलं होतं आपलं."

"कुठे पळाल्या? चिकूवर तर होत्या. अंगणाबाहेर गेल्याच नाहीत."

"घर सोडलं म्हणजे पळाल्याच, मेधा. शब्द फिरवू नकोस."

"आई, घरातून अंगणात जाणं म्हणजे पळणं नव्हे. शांतक्का, तुम्हीच सांगा."

शांतक्काने पेटीला हात जोडले आणि म्हणाली, "इल्ले अदावरी." इथेच आहेत की.

वर्गात इतकी पात्रं वाचली, पण आपल्याच विरुद्ध खटला लढवून जिंकणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मेधाताईने गाडी वळवली आणि रिकामीच केशवापूरला नेली. जाताना शांतक्काला सांगून गेली, "पूजा करा, पण फुलांची. माशांना फुलं आवडतात."

युगादीला कडुनिंब फुललेला होता आणि माशा पेटीत होत्या. बाईही होत्या.

सरांनी मला सेमिनारचा उरलेला अर्धा भाग अजून पुरा करायला लावलेला नाही. हा लेख तोच आहे असं त्यांनी धरावं. विज्ञान सांगतं आई निघते, साहित्य सांगतं लेक निघते, आणि चिकूच्या झाडाखाली मला दिसलं की कोण निघतं हा प्रश्नच नाही. मागे राहणारीने पेटी धरली पाहिजे. अप्पांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पेटी कुणी बनवली ते लिहिलंस ना?" लिहिलं आहे.

इथेच थांबणार होतो, पण काल मेधाताईचा फोन आला. केशवापूरच्या कपाटात पुन्हा माशा आल्यात. मी सांगितलं की हे होतं, जुन्या मेणाचा वास राहतो आणि भटकणारं मोहोळ त्या वासावर येतं. फुटकी काच तिने अजून बदलली नाही, म्हणून वाट मिळाली.

"कधी येऊ काढायला?" मी विचारलं.

"काढायला नको. मी आजूबाजूची पुस्तकं हलवून त्यांना खण मोकळा करून दिलाय. फक्त बघायला ये, त्यांचं नीट चाललंय का ते. आणि आता दिवाळी होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही."

"का, ताई?"

"आई येतेय ना," ती म्हणाली. "माहेरपणाला."